टायपिंग क्लासमागच्या मॅडम

जालन्यात एके काळी साठी उलटलेली माणसं टायपिंग शिकायला जात. खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. डोक्याला रुमाल, पायात करकरणाऱ्या वहाणा, काखेत पिशवी, असा एखादा शेतकरी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढताना दिसायचा. कोणी हटकलंच, "काय काका, इकडं कुठं?" तर काका आधी दोन्हीकडं बघून घ्यायचे आणि मग सांगायचे, "टायपिंगला चाल्लो." विचारणारा शहाणा असला तर पुढं काही विचारत नसे. उद्या आपल्यावरही टायपिंग शिकायची वेळ येणार नाही याची खात्री कोण देणार?

जिन्याच्या वर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खरोखरच टायपिंगचा क्लास चालायचा आणि मागच्या खोलीत आमच्या मॅडम बसायच्या. मॅडम काय करतात हे सांगायला तेव्हा आमच्याकडं शब्दच नव्हता. समुपदेशन वगैरे पुढं वर्तमानपत्रांतून आलं. लोक त्यांना डोक्याची डॉक्टरीण म्हणत, आणि डोक्याच्या डॉक्टरणीचा जिना भर चौकात चढणं म्हणजे गावाला आयता विषय देणं. टायपिंगच्या पाटीमुळं ती अब्रू झाकली जायची.

पण मॅडमनी ती खोली निवडली ती यासाठी नव्हे. खरं कारण त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्यांना आधी चांगल्या शांत, हवेशीर जागा दाखवल्या होत्या. त्या त्यांनी नाकारल्या.

"शांत खोलीत आपला माणूस रडत न्हाई हो," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतं, भिंतीपलीकडं आवाज जाईल. हितं कसं, सगळ्या मशिनी एकदम चालून राह्यल्या की स्वतःचं रडणं स्वतःला बी ऐकू येत न्हाई."

त्यामुळं मॅडमच्या भेटीच्या वेळा टायपिंगच्या बॅचवर ठरत. मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेची मुलंमुली बसली की खोली दणाणायची. ज्याचं दुःख ताजं, त्याला ती वेळ. तीस शब्दांची बॅच जरा अडखळत चालायची, त्या वेळेला भाऊबंदकी, सासू-सुना, साहेबाचा जाच अशी मंडळी. आणि अगदी नवी बॅच एका बोटानं टक... टक... करत बसायची, तेव्हा मॅडम डबा खाऊन घ्यायच्या.

पुढं कॉम्प्युटर आले आणि टायपिंगचा क्लास उठला. त्या जागी कॉम्प्युटरचा क्लास आला. सगळ्यांना आनंद झाला, मॅडम मात्र पेचात पडल्या, कारण कॉम्प्युटरला आवाजच नाही. मग त्यांनी कुठूनसा एक जुना पत्र्याचा कूलर पैदा केला. तो चालू केला की खोलीत ट्रॅक्टर शिरल्यासारखं वाटायचं. मॅडम तो बाराही महिने चालवत. पौषातल्या थंडीत माणसं स्वेटर, मफलर, वर शाल अशी कुडकुडत बसून त्या कूलरसमोर आपली दुःखं सांगत. एकानं धीर करून म्हटलं, "मॅडम, बंद करू का थोडा?" तर म्हणाल्या, "करा की. मंग आवाज तुमचा राहील फक्त." त्यानं बंद केला नाही.

मॅडम मूळच्या जालन्याच्याच. जुनं, वकिलांचं घराणं. हैदराबादला शिकल्या, तिथल्याच एका दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी केली आणि आई आजारी पडली तेव्हा परत आल्या त्या आल्याच. अंगानं चांगल्या उंचपुऱ्या, हाडापेरानं मोठ्या, आवाज असा की भाजीवालीशी बोलल्या तरी भांडण चाललंय असं वाटावं. बहुतेक वेळा भांडणच चाललेलं असायचं. लुना चालवायच्या आणि हॉर्नवरचा अंगठा काढायच्या नाहीत. पर्समध्ये खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी कायम. समोरचा माणूस बोलता बोलता अडला की पुडी पुढं करायच्या. "धरा. चावा. मंग बोला. जल्दी न्हाई काही."

लग्न केलेलं नव्हतं. भोकरदनच्या एका आगाऊ बाईनं एकदा कारण विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "राहून गेलं. आता तुमचं काय राहून गेलं ते सांगा." ती बाई मग तासभर सांगत होती म्हणतात.

डॉक्टर म्हटलेलं त्यांना बिलकुल खपत नसे. "गोळी देत न्हाई, सुई देत न्हाई, मी कसली डॉक्टर? गोळी लागणाऱ्याला मी औरंगाबादला धाडते. माझ्याकडं ज्याला नुसतं सांगायचंय त्यानं यावं." आणि सांगायलाही त्यांच्या अटी होत्या. 'टेन्शन' हा शब्द त्या खोलीत चालत नसे. कोणी म्हणालं, "मॅडम, लई टेन्शन हाय," की त्या हात वर करायच्या. "टेन्शन ह्ये नुसतं पोतं झालं. आत काय भरलंय? राग हाय? भीती? लाज? का दुसऱ्याचं बघून जळून राह्यले?" माणूस गडबडायचा. आमच्याकडच्या बाप्यांना तर आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारलेला नसायचा. राग ठाऊक असायचा, बाकीच्यांची ओळख नाही. मग मॅडम पुढचा प्रश्न विचारायच्या, "बोट ठेवून दाखवा, कुठं हाय?" कोणी पोटावर ठेवायचा, कोणी गळ्यावर. एका पैलवानानं म्हणे दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले होते, आणि त्याची भीती खरंच तिथं होती.

"होईल सगळं चांगलं" असं म्हणणाऱ्यावर त्या फार चिडत. एका बाईचं मूल गेलेलं, तिच्याबरोबर आलेला कोणी नातेवाईक मोठ्या समजुतीनं म्हणाला, "देवाची मर्जी, ताई." मॅडम त्याला म्हणाल्या, "तुम्ही खाली जा, कोपऱ्यावर चहा चांगला मिळतो." आणि तो जिना उतरेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. मग स्वतःच रडायला लागल्या. हेही त्यांचं नेहमीचं. नाक पदराला पुसत समोरच्याला सांगायच्या, "तुम्ही बोलत राहा, माझ्याकडं ध्यान देऊ नका." हैदराबादच्या दवाखान्यात त्यांना यावरून बोलणी बसली होती. त्यांनी ती ऐकून घेतली आणि रडणं चालू ठेवलं.

आमच्याकडं कोणी एकटं येत नाही. दवाखाना असो, कचेरी असो, बरोबर दोघं-तिघं हवेतच. आणि बोलतात तेच. ज्याचं दुखतं तो खाली मान घालून बसतो. मॅडमनी त्यावर तोड काढली होती. त्या कोणाला बाहेर बसा म्हणायच्या नाहीत. जो उत्तर देईल त्यालाच पेशंट समजायच्या. एका सासूबाईंनी सुनेला आणलं. "ही बोलत न्हाई, हसत न्हाई, जेवायला बसली तर ताटाकडं बघत राहती." मॅडम सासूबाईंना म्हणाल्या, "तुम्हाला जेवण जातं का?" "मला काय झालंय?" "मी तेच विचारून राह्यले." असं थोडा वेळ चाललं, आणि मग सासूबाई आपल्या धाकट्या बहिणीबद्दल बोलायला लागल्या, जी अशीच गप्प झाली होती आणि मग राहिली नाही. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सुनेनं पहिल्यांदा मान वर करून सासूकडं पाहिलं म्हणे. त्यानंतर दोघी मिळून येत राहिल्या. सासूबाई घरी टायपिंगला जाते म्हणून सांगत, आणि खोटं नको म्हणून येता-जाता पुढच्या खोलीत बसून आपलं नाव टाइप करायला शिकल्या.

मॅडम तेराव्याला कोणाकडं जात नसत. लग्नालाही नाही. पण कोणाकडं माणूस गेलं असलं की दोन-अडीच महिन्यांनी, येणं-जाणं पार थांबलं की, यांची लुना दारात. लांबचं गाव असलं तर एसटीनं. शहागडला एका टायरवाल्याचा मुलगा ट्रकखाली गेला होता. मॅडम त्याच्या दुकानात जाऊन बाकड्यावर बसल्या. त्याला वाटलं विमा कंपनीची बाई आहे, तो म्हणाला, "कागदं सगळी दिलीत बाई." मॅडम म्हणाल्या, "कागदं न्हाई पाह्यजेत. पोरगा कसा होता ते सांगा." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. रस्त्यानं ट्रक जात होते, गोदावरीच्या पुलाकडून हॉर्न येत होते, आणि तो संध्याकाळपर्यंत सांगत होता. दुकानात आलेल्या दोन ट्रकवाल्यांनी आपली चाकं आपणच खोलली. हे मला त्या टायरवाल्यानंच सांगितलं. "सगळे येऊन गेल्ते," तो म्हणाला, "सगळे मला सांगून गेल्ते, धीर धर. पोराचं कोणी इचारलं न्हाई."

आता माझं सांगतो.

मी जालन्यात एका सरकारी कचेरीत कारकून. गाव केदारखेडा, भोकरदन तालुक्यात. वडील मी लहान असतानाच गेले. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मला वाढवलं. स्वतःची शाळा सोडून शेत धरलं आणि मला शिकवलं. तो उन्हाळ्याच्या तोंडाला, गव्हाच्या खळ्यावर, काम करता करता गेला. छातीत कळ आली म्हणाला, खाली बसला आणि संपला. पन्नाशीही झाली नव्हती.

आमच्याकडं तेराव्याच्या दिवशी पावण्यांनी आणलेला पांढरा पटका घराच्या नव्या कर्त्या माणसाला बांधतात. दादाचा मुलगा शाळेत. म्हणून चार म्हाताऱ्यांनी विचार करून तो पटका माझ्या डोक्याला बांधला. मी जन्मात कधी डोक्याला काही बांधलं नव्हतं. बांधणाऱ्यानं तो इतका आवळला की कपाळ ठणकत होतं, आणि सगळी भावकी, वहिनी, वहिनींचे भाऊ, माझी बायको, सगळे माझ्याकडं बघत होते. मी हात जोडून उभा होतो. रडलो नाही. कर्त्या माणसानं रडायचं नसतं असं कोणीतरी मागून म्हणालंही.

जालन्याला परत आल्यावर माझ्या छातीत दुखायला लागलं. रविवार आला की जास्त. गावाकडं जायचं म्हणून स्टँडवर जायचो, भोकरदनची गाडी लागायची, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, आणि माझ्या छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं. घाम सुटायचा. गाडी निघून जायची. घरी येऊन सांगायचो, जागा मिळाली नाही.

इकडं मृग जवळ येत चालला. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस वहिनींचा निरोप आणायचा, "भाऊजीला म्हणावं, एकदा येऊन जा, पेरणीचं काय ते सांगून जा." आमचे एक चुलते होते. मनानं वाईट नव्हते, पण त्यांचं म्हणणं असं की कर्ता माणूस जालन्यात, घरात बाईमाणूस, तर मृगाच्या आत शेत बटईनं देऊन मोकळं व्हावं. म्हणजे पेरणार दुसराच, आणि वहिनींनी घरात बसून वाट्याला येईल ते घ्यायचं. ज्या शेतात त्यांनी उभं आयुष्य काढलं त्याच्या बांधावर त्या पाहुण्यासारख्या उभ्या राहणार. मी हो म्हटलं तर तसं होणार होतं, आणि गेलोच नाही तरी तेच. मला हे दिसत होतं, आणि पाय गाडीत पडत नव्हता.

डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही टायपिंगला का जात नाही?"

तो जिना चढलो तेव्हा बायको बरोबर होती. अर्थात तीच बोलली. "यांच्या छातीत दुखतं, झोप न्हाई, चिडचिड लई करतात." मॅडम माझ्याकडं बघायलाही तयार नव्हत्या. खुर्ची वळवून बायकोसमोर बसल्या. "अन् तुम्हाला कसली भीती वाटती?"

बायको म्हणाली, "मला? मला न्हाई," आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा पार बदलला. "हे बी असेच जातील म्हणून. झोपले की मी नाकाशी हात धरून बघते."

आमच्या लग्नाला तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. ही बाई माझा श्वास तपासते, याचा मला पत्ता नव्हता. मॅडम पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या. "बघा. छाती तुमची दुखती अन् जीव हिचा चाललाय. आता बोलाल का तुम्ही?"

मी बोलायला लागलो. दादा किती मोठा माणूस होता, आमच्यासाठी काय काय केलं, हेच बोलायचो. दुसऱ्या का तिसऱ्या भेटीत मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दोन शेंगदाणे तोंडात टाकले आणि विचारलं, "दादाचा राग येतो का?"

मी उठलोच. म्हटलं, मॅडम, तो देवमाणूस होता, तुम्हाला काही कळतं का? आणि टायपिंगच्या पोरांमधून वाट काढत खाली उतरलो. रस्ताभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. पुढच्या आठवड्यात परत गेलो, कारण त्या दिवशी, रागात का होईना, छाती दुखायची विसरली होती.

"या," मॅडम म्हणाल्या. "माझ्यावर बराबर आला की हो राग. म्हंजे येतो तुम्हाला. पुढच्या टायमाला तो पटका घेऊन या."

पटका मी कपाटात अगदी तळाशी, बायकोच्या जुन्या साड्यांच्या खाली ठेवला होता. पिशवीत घालून नेला. माझी वेळ तेव्हा चाळीस शब्दांच्या बॅचची. मॅडमनी तो हातात घेतला, झटकला आणि मला काही कळायच्या आत स्वतःच्या डोक्याला गुंडाळायला लागल्या. अंबाड्यावरून एक वेढा, कानावरून दुसरा, पटक्याचा सुटा शेव चष्म्यावर आला. तो तसाच राहू देऊन त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"आता मी कर्ती. इचारा."

"काय विचारू?"

"जे गाव तुम्हाला इचारून राह्यलं. पेरायचं काय?"

मला हसू यायला लागलं. "मॅडम, तुम्हाला काय माहीत?"

"न्हाई माहीत. तुम्हाला हाय?"

"न्हाई."

"मंग दादाला कसं माहीत होतं?"

मी तोंड उघडलं, आणि उत्तर आलं ते मलाच नवीन होतं. दादा दरवर्षी मृगाच्या आधी जेवायला बसला की वहिनींना विचारायचा. औंदा कुठल्या वावरात काय, बियाणं कुठलं, बैल टिकंल का. वहिनी भाकरी थापता थापता सांगायच्या. दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर बसून तेच गावाला स्वतःचं म्हणून सांगायचा. मी लहानपणापासून हे ऐकत आलो होतो. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि पटका बांधताना चार म्हाताऱ्यांपासून माझ्यापर्यंत एकालाही ते आठवलं नव्हतं.

"दादा वहिनीला इचारायचा," मी म्हणालो. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "मला का न्हाई सांगून गेला? असं मधीच टाकून कोण जातं?" आणि मी रडायला लागलो. लहानपणी वडील गेले तेव्हाही असा रडलो नव्हतो. तोंडावर हात धरला तरी आवाज फुटत होता.

तेवढ्यात बॅच सुटली. एकेक मशीन थांबत गेलं. खुर्च्या सरकल्या आणि खोली शांत झाली. त्या शांततेत माझा आवाज मला ऐकू आला आणि मी रुमालाचा बोळा तोंडात धरला.

मॅडम उठल्या. डोक्यावर तो पटका तसाच. त्यांनी दार उघडलं. टायपिंगचे सर हे किरकोळ अंगाचे, अबोल गृहस्थ होते. पंख्याच्या विजेवरून त्यांचं आणि मॅडमचं कायम वाजायचं, महिना महिना बोलणं नसायचं. मॅडम त्यांना म्हणाल्या, "सर, आज पोरं कच्ची वाटतात. अजून थोडा वेळ बसवा."

सरांनी त्यांच्या डोक्याकडं पाहिलं. मागच्या खोलीकडं एकदा पाहिलं. मग वह्या-पिशव्या घेऊन दारापर्यंत गेलेल्या मुलामुलींना म्हणाले, "बसा खाली. सगळ्यांनी. काय वाटेल ते टाइप करा, पण थांबायचं नाही."

कोणी कुरकुर केली नाही. सगळी मशीनं पुन्हा एकदम सुरू झाली, आणि मला रडता आलं. किती वेळ ते मला माहीत नाही. ती मुलंमुली आज कुठं कुठं नोकरीला असतील, कोणाला नातवंडंही झाली असतील. त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या सख्ख्यांनी केलं नव्हतं. त्या अबोल सरांनाही मी कधी काही म्हणालो नाही. नंतर जिन्यात भेटले की ते मान हलवायचे, मीही हलवायचो.

निघताना मी पटक्यासाठी हात पुढं केला. मॅडमनी तो घडी करून आपल्या टेबलाच्या खणात टाकला. "ह्यो राहू द्या हितं. वहिनीकडं जा."

"त्यांना काय सांगू?"

"मला काय सांगितलं आत्ता? तेच. हुशारी करू नका तिथं जाऊन."

मॅडम गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी हैदराबादला भाचीकडं होत्या. मला उशिरा कळलं. मी माझ्या आयुष्यात दोनच माणसांचं देणं मानतो, एक दादाचं आणि एक या बाईंचं. दादानं मला पायावर उभं केलं आणि मॅडमनी त्या पायांवर घराकडं जायला लावलं. लोक विचारतात, त्यांनी तुम्हाला नेमका काय सल्ला दिला हो? काही नाही. त्यांनी मला कधीच काही सल्ला दिला नाही. पण पुढच्या रविवारी मी भोकरदनच्या गाडीत चढलो. छातीत दुखत होतं, तरी चढलो.

केदारखेड्याला उतरून घरी गेलो तर चुलते ओट्यावर आधीच येऊन बसलेले. बरोबर भावकीतले दोघं-तिघं. "आलास का? बरं झालं. बोलून टाकू," ते म्हणाले. मी म्हटलं, "पाणी पिऊन येतो, काका," आणि आत गेलो.

वहिनी चुलीपुढं होत्या. मला बघून त्यांनी उठायचं केलं, मी नको म्हटलं आणि तिथंच पाटावर बसलो. तीन महिन्यांत त्या निम्म्या झाल्या होत्या. बांगड्या काढलेल्या हातांच्या नुसत्या काड्या दिसत होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "कापसाचं म्हणतात मामंजी, बटईवाला बी आणलाय बघून," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं, भाऊजी."

बाहेर चुलते खाकरले.

"वहिनी," मी म्हणालो, "मला लई भीती वाटती. मला यातलं काही येत न्हाई. अन् मला दादाचा राग येतो. असा न सांगता गेला म्हणून."

परातीतला त्यांचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी ती उलटली नाही. मला वाटलं, गेलं सगळं, आता या बाईला मी काय तोंड दाखवणार. मग त्यांनी मान वर केली.

"तुम्हाला बी?"

एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडात धरला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, मी एकटीच हाय अशी अभागी. रोज विहिरीवर जाते अन् तुमच्या भावाला शिव्या घालते. मंग दिवसभर वाटतं, मेलेल्या माणसाला मी काय बोलून राह्यले. घास उतरत न्हाई. कोणाला सांगू?"

आम्ही दोघंही रडलो. आवाज ओट्यावर जात होता, आणि त्या दिवशी तो झाकायला काही नव्हतं. जाऊ दिला.

"दादा पेरणीचं कोणाला इचारायचा?" मी डोळे पुसून विचारलं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग हळू म्हणाल्या, "मलाच."

"मंग मी बी तुम्हालाच इचारतो."

बाहेरून चुलत्यांची हाक आली, "काय रं, काय ठरलं?" मी उठलो नाही. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मग हाताचं पीठ झाडलं, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि त्या दारापर्यंत गेल्या. चौकटीच्या आत उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा चुलत सासऱ्याला सरळ उत्तर देत म्हणाल्या, "मामंजी, बटईनं द्यायचं न्हाई. खालच्या वावरात कपाशी, वरच्यात बाजरी अन् तूर. बैल मी बघितलेत, औंदा टिकतील."

"भाऊ, तू बोल," चुलते म्हणाले.

मी तसाच, ओल्या डोळ्यांनी, दारात गेलो. सगळी भावकी बघत होती. "बोलल्या की वहिनी, काका," मी म्हटलं. "तेच."

चुलत्यांनी थोडा वेळ आमच्या दोघांकडं पाहिलं. मग टोपी नीट केली आणि बियाणं कुठून आणायचं ते वहिनींना विचारलं.

ते सगळे गेल्यावर वहिनी परत चुलीपुढं बसल्या. करपलेली भाकरी त्यांनी बाजूला काढली, नवी टाकली, आणि दोन ताटं पुढं ओढली.

"बसा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आज मला भूक लागली."